चावीचं, ऑटोमॅटिक की सेलचं? घड्याळाच्या आवडीनिवडीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घड्याळांचा नाद आहे हे एकदा चारचौघांत कळलं की लग्नात, ट्रेनमध्ये, अगदी दवाखान्याच्या बाकावरही लोक मनगट पुढे करून विचारतात, "हे कसं आहे हो?" वर्षानुवर्षं तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. ही माझी मतं आहेत. पटली नाहीत तर तुमच्या हातातलं घड्याळ काही बंद पडणार नाही.

चावीचं, ऑटोमॅटिक आणि क्वार्ट्झ यांत नेमका फरक काय?

चावीच्या घड्याळात एक स्प्रिंग असते. रोज चावी दिली की ती गुंडाळली जाते आणि उलगडता उलगडता चाकं फिरवते. ऑटोमॅटिकमध्येही हीच स्प्रिंग असते, पण मशीनवर एक अर्धगोल वजन बसवलेलं असतं. हात हलला की ते फिरतं आणि चावी आपोआप बसते. या दोन्हींना मिळून मेकॅनिकल म्हणतात. क्वार्ट्झ म्हणजे आपलं सेलचं घड्याळ. सेलच्या विजेवर क्वार्ट्झचा एक बारीक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा विचित्र वाटतो, पण २ ला २ ने गुणत गेलं की पंधराव्या पायरीला बरोबर तोच येतो. आतलं सर्किट त्याचे पंधरा वेळा निम्मे करतं आणि सेकंदाला एक ठोका उरतो. त्या ठोक्यावर सेकंदकाटा एक घर पुढे जातो.

वेळ कोण बरोबर दाखवतं?

सेलचं. इथे वादाला जागाच नाही. साध्या क्वार्ट्झची चूक महिन्याला १५ ते २० सेकंदांची असते. परवडणाऱ्या बऱ्याच ऑटोमॅटिक घड्याळांत जपानच्या सैको कंपनीचं एनएच३५ हे मशीन असतं. कंपनीच त्याची मर्यादा दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद अशी सांगते. प्रत्यक्षात ते बहुतेकदा याहून बरं चालतं, पण तक्रार घेऊन गेलात तर हाच कागद पुढे येईल. स्वित्झर्लंडच्या सीओएससी संस्थेचं क्रोनोमीटर प्रमाणपत्र मिळालेलं महागडं मशीनसुद्धा दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंदांच्या मर्यादेत असतं. म्हणजे ज्या घड्याळावर एखाद्याने महिन्याचा पगार घातलाय, त्याला शाळकरी पोराचं प्लॅस्टिकचं डिजिटल घड्याळ आरामात हरवतं.

पण दुसऱ्या बाजूनेही बघा. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. त्यांत २० सेकंद चुकले, म्हणजे दहा हजारांमागे दोन-सव्वादोन. नुसती स्प्रिंग आणि दातेरी चाकं, विजेचा थेंब नाही, आणि तरी एवढीच चूक. मला यात चुकीपेक्षा अचूकपणाचंच नवल वाटत आलंय.

मग चावीचं घड्याळ कुणी का घ्यावं?

वेळ बघायला घेऊ नये. वेळ मोबाइलवर आहे, स्वयंपाकघरातल्या भिंतीवर आहे, लोकलच्या इंडिकेटरवर आहे.

माझे वडील शाळेत शिक्षक होते. सकाळी चहाचा कप खाली ठेवला की ते उशाजवळचं घड्याळ उचलायचे, चावी द्यायचे, अंगठा अडला की थांबायचे आणि मग पट्टा बांधायचे. या क्रमात मी कधी बदल बघितला नाही. आकाशवाणीच्या बातम्या लागल्या की घड्याळ एक मिनिट पुढे करायचे. ते घड्याळ दिवसाला मिनिटभर मागे पडायचं आणि वडिलांना त्याचं काहीच वाटायचं नाही, कारण रोज सकाळी ते त्याच्याकडे बघणारच होते.

चावीचं घड्याळ आवडतं ते अशा माणसांना. ज्यांना रोज झाडांना पाणी घालायला, फाउंटन पेनात शाई भरायला, डाळीला स्वतःच्या हाताने फोडणी द्यायला कंटाळा येत नाही, अशांना. तुम्ही तसे नसाल तर त्यात कमीपणा काहीच नाही, पण मग चावीचं घड्याळ महिन्याभरात कपाटात जाईल. आवड कुठली हे घड्याळाकडे बघून ठरत नाही. आपल्या सकाळीकडे बघून ठरतं.

सेकंदकाटा टकटक न करता सरकत जातोय, म्हणजे घड्याळ मेकॅनिकलच ना?

बहुतेकदा हो, पण पैज लावू नका. मेकॅनिकलचा काटासुद्धा सरकत नसतो, तो बारीक बारीक ठोके घेत असतो. तासाला १८,००० ठोक्यांचं मशीन असेल तर सेकंदाला ५, २१,६०० चं असेल तर ६ आणि २८,८०० चं असेल तर ८. डोळ्याला ते वाहतं वाटतं, इतकंच. उलट क्वार्ट्झमध्येही आता सेकंदाला चार ठोके घेणारी मशीनं मिळतात आणि बुलोव्हा कंपनीच्या प्रिसिजनिस्ट जातीत तर सोळा. खात्री हवी असेल तर घड्याळ कानाला लावा किंवा मागचं झाकण बघा.

ऑटोमॅटिकबद्दल तुमचा काही आकस आहे का? कुणाला सुचवत नाही तुम्ही.

आकस नाही, तक्रार आहे. दुकानात आणि व्हिडिओत नव्या माणसाला पहिलं ऑटोमॅटिकच दाखवतात. "चावीची कटकट नाही, सेलची कटकट नाही." ऐकायला झकास वाटतं.

हे खरं ठरतं ते घड्याळ रोज, दिवसभर हातात असेल तर. एनएच३५ पूर्ण चावीवर साधारण ४१ तास चालतं. शुक्रवारी रात्री काढून ठेवलं की रविवारी संध्याकाळी बंद. सोमवारी ऑफिसला निघताना, एक हात बुटाच्या लेसला, तेव्हा वेळ लावा, तारीख लावा. चावीचं घड्याळही बंद पडतंच, पण त्यात बहुधा तारीख-वार नसतात. दहा सेकंदांत ते चालू होतं. आणि ते बंद पडणार हे तुम्ही आधीच धरून चाललेले असता. ऑटोमॅटिक मात्र "आपोआप"चा शब्द देऊन बंद पडतं.

दुसरं म्हणजे जाडी. त्या फिरत्या वजनामुळे मशीन जाड होतं आणि शर्टाच्या बाहीत अडकतं. तिसरं म्हणजे दिवसभर टेबलाशी बसणाऱ्या माणसाचा हात पुरेसा हलतच नाही. माझ्या एका निवृत्त नातेवाइकांचं ऑटोमॅटिक रोज मागे पडायचं. दोनदा घड्याळजीकडे नेऊन आणलं, मशीनमध्ये दोष काही सापडेना. दोष निवृत्तीत होता. सकाळी चावी पंचवीस-तीस वेळा फिरवून मग घालायला सांगितलं, तेव्हापासून ठीक आहे. अर्थात मग ते चावीचंच घड्याळ झालं की!

एकच घड्याळ आहे, रोज घालता आणि दिवसभर हिंडता-फिरता, असं असेल तर ऑटोमॅटिक बिनधास्त घ्या. अशा माणसाला त्याच्याइतकं सोयीचं मेकॅनिकल दुसरं नाही. पण दोन-चार घड्याळं आलटून पालटून घालायची असतील तर चावीचं घ्या, नाहीतर सेलचं. ऑटोमॅटिकला फिरवत ठेवणारी विजेवरची डबी विकत मिळते. ती घेणं म्हणजे बुलेट चालू राहावी म्हणून रात्रभर अंगणात इंजिन सुरू ठेवणं. तेल तेवढंच झिजतं.

सेलच्या घड्याळात "आत्मा नसतो" असं म्हणतात. खरंय का?

हे वाक्य ऐकलं की माझी सटकते. २५ डिसेंबर १९६९ ला सैकोने टोकियोत अ‍ॅस्ट्रॉन हे पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं. किंमत ४,५०,००० येन, म्हणजे तेव्हाच्या जपानी छोट्या मोटारीच्या घरात. आज गल्लीतल्या दुकानात टांगलेली वस्तू जन्मली तेव्हा फक्त श्रीमंतांनाच परवडत होती. पुढच्या पंधरा वर्षांत किमती कोसळल्या आणि स्विस घड्याळधंद्याचं कंबरडं मोडलं. १९७० च्या सुमाराला तिथे या धंद्यात नव्वद हजारांच्या आसपास माणसं होती, ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांतली जेमतेम तिसरा हिस्सा उरली. १९८३ साली स्विस लोकांनीच स्वॉच नावाचं प्लॅस्टिकचं क्वार्ट्झ घड्याळ काढलं आणि त्या कमाईने धंदा सावरला. आज जी महागडी मेकॅनिकल घड्याळं "आत्म्या"सकट विकली जातात, त्यांतल्या कितीतरी नावांना जगवायला हेच सेलचं प्लॅस्टिक धावून आलं होतं.

कारागिरीच बघायची तर ग्रँड सैकोचं ९एफ हे क्वार्ट्झ मशीन वर्षाला १० सेकंदांच्या आत राहतं. तापमानाप्रमाणे स्वतःची चाल सुधारून घेतं. सिटिझनचं ०१०० तर वर्षाला एका सेकंदाचा दावा करतं. आणि दुसऱ्या टोकाला कॅसिओ एफ-९१डब्ल्यू. १९८९ पासून जवळपास त्याच रूपात चालू आहे, वजन २१ ग्रॅम, सेल सात वर्षं. ते घालून कोणी माझ्यासमोर आला तर मी त्याला आधी नमस्कार करतो.

पहिलंच घड्याळ घ्यायचंय. काय घेऊ?

सेलचं, साध्या तबकडीचं. वर्षभर घाला. वर्षाने बघा की तुम्हाला घड्याळ घालायला आवडतं का. पुष्कळांना आवडत नाही, आणि हे कळायला स्वस्तातलं घड्याळ बरं. नर्सिंग किंवा डॉक्टरी शिकणाऱ्यांनी मधोमध सेकंदकाटा आणि ठळक रेघा असलेलंच घ्यावं, नाडी मोजायला लागतं. जावयाला द्यायचं असेल तर मात्र त्याला दुकानात घेऊन जा. परस्पर आणलेली सोनेरी घड्याळं किती कपाटांत पडून आहेत याची मोजदाद नाही.

एचएमटीचं लोकांना एवढं वेड का? बंद पडलेली कंपनी ना ती?

एचएमटी म्हणजे हिंदुस्तान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी. तिने १९६१ साली जपानच्या सिटिझनबरोबर बंगळुरूला मनगटी घड्याळं करायला घेतली. त्याआधी बरं घड्याळ म्हणजे स्विस. फाव्र-ल्यूबा आणि वेस्ट एंड ही नावं आपल्याकडच्या आजोबा-पणजोबांना तोंडपाठ होती. एचएमटीमुळे मास्तर, तलाठी, कंडक्टर, गिरणी कामगार यांच्या हाताला घड्याळ लागलं. जनता, पायलट, सोना, कोहिनूर ही नुसती नावं घेतली तरी एका पिढीला आपापले वडील आठवतात. "जनता"च्या काही तबकड्यांवर तर नाव देवनागरीत आहे. १७ ज्वेलचं चावीचं मशीन, तासाला १८,००० ठोके, म्हणजे दिवसाला ४ लाख ३२ हजार. सरळ, दणकट, कुठल्याही तालुक्याच्या घड्याळजीला उघडता येईल असं.

हे नाव किती खोल रुजलं होतं याचा पुरावा आपल्या ताटात आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड नावाच्या खेड्यात दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने १९८० च्या दशकात आपल्या बांधीतल्या काही वेगळ्या लोंब्या हेरल्या, दरवर्षी निवडत, वाढवत नेल्या आणि भाताचं नवं वाण तयार केलं. तेव्हा चलती एचएमटी घड्याळाची होती, म्हणून भातालाही तेच नाव पडलं. आज बाजारात "एचएमटी तांदूळ" मागणाऱ्या कितीजणांना ठाऊक असतं की हे नाव मनगटावरून आलंय? खोब्रागडे २०१८ साली गेले.

१९८४ साली टाटा आणि तमिळनाडू सरकारच्या महामंडळाने मिळून टायटन उभी केली आणि क्वार्ट्झवर भर दिला. देखणी दुकानं, देखणी घड्याळं. एचएमटी मागे पडत गेली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली आणि त्याच सुमाराला लोकांना तिची आठवण यायला लागली. आपली जुनी खोड.

ऑनलाइन लाल, निळ्या, हिरव्या तबकडीची जुनी एचएमटी अगदी स्वस्तात दिसतात. घ्यावीत का?

गंमत म्हणून घ्या, जुनं म्हणून घेऊ नका. यांतली बरीचशी चार-पाच मेलेल्या घड्याळांचे अवयव जोडून केलेली असतात. तबकडी नव्याने रंगवलेली, केस म्हणजे बाहेरची धातूची पेटी घासून चकचकीत केलेली, काटे भलत्याच घड्याळाचे. परदेशातले शौकीन अशा मालाला "मुंबई स्पेशल" म्हणतात. हे ऐकून मुंबईकराला वाईट वाटावं की हसू यावं, मला अजून ठरवता आलेलं नाही. नीट बघितलं तर ओळखू येतात: अक्षरं जाड आणि किंचित फिस्कटलेली, मिनिटांच्या रेघा काट्याच्या टोकाशी न जुळणाऱ्या, तबकडी नवीकोरी आणि मागचं झाकण मात्र पन्नास पावसाळे पाहिलेलं. खऱ्या जुन्या तबकडीवर थोडे डाग असणारच. ते डाग असू द्या.

जास्त ज्वेल म्हणजे चांगलं घड्याळ का?

नाही. ज्वेल म्हणजे कृत्रिम माणकाचे बारीक खडे. चाकांच्या टोकांखाली झीज कमी व्हावी म्हणून बसवतात. चावीच्या घड्याळाला १७ पुरतात, ऑटोमॅटिकला थोडे जास्त लागतात. त्यापलीकडचा आकडा जाहिरातीचा.

सेल बदलताना काय बघावं?

एवढं एकच: सेलवर "एसआर" आहे की "एलआर". एसआर म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड, एलआर म्हणजे अल्कलाइन. दोन्ही त्याच खाचेत बसतात, दुसरा स्वस्त पडतो. पण अल्कलाइनचा विजेचा दाब हळूहळू उतरत जातो आणि तो गळण्याची भीतीही जास्त. माझ्या पत्नीच्या घड्याळात एका दुकानदाराने न सांगता एलआर घातला. आठ महिन्यांनी उघडलं तर आत हिरवट बुरशीसारखा थर आणि सर्किट खलास. सेलपेक्षा मशीन महाग पडलं. तेव्हापासून मी काउंटरवर उभा राहून पाकिटावरचा नंबर वाचतो. दुकानदार वैतागतात, वैतागू देत.

सेकंदकाटा अचानक दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारायला लागला तर घड्याळ बिघडलेलं नाही. बऱ्याच क्वार्ट्झ मशीनांची सेल संपत आल्याची ती खूण आहे. आणि बंद पडलेलं सेलचं घड्याळ वर्षानुवर्षं तसंच ठेवू नका, सेल काढून ठेवा.

माझं ऑटोमॅटिक एकाएकी दिवसाला चार-पाच मिनिटं पुढे जायला लागलंय. पडलंही नाही.

बहुतेक चुंबक लागलंय. स्पीकर, मोबाइलच्या कव्हरातलं चुंबक, पर्सची कळ, फ्रिजचं दार यांपैकी काहीही. चावीच्या स्प्रिंगखेरीज आत ठोक्यांची चाल ठरवणारी, केसासारखी बारीक दुसरी स्प्रिंग असते. तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, ती आखूड झाल्यासारखी वागते आणि ठोके भराभर पडतात. होकायंत्र जवळ नेऊन बघा, सुई हलली तर तेच. घड्याळजीकडे चुंबक उतरवायचं छोटं यंत्र असतं. मिनिटभराचं काम आहे, त्यासाठी पूर्ण सर्व्हिसिंग करून घेऊ नका.

रात्री तारीख बदलू नये म्हणतात, ते काय?

साधारण रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात तारखेचं चाक आतल्या दात्यात अडकलेलं असतं. तेव्हा जोर लावला तर दात तुटतो. आधी काटे फिरवून सहावर आणा, मग तारीख लावा.

सर्व्हिसिंग किती वर्षांनी?

मेकॅनिकलला पाच ते सात वर्षांनी. तेल वाळतं, आणि वाळलेल्या तेलात चालणारं मशीन बंद पडण्याआधी झिजतं. खर्चाचा हिशेब घड्याळ घेतानाच करा. स्वस्त ऑटोमॅटिकची नीट सर्व्हिसिंग कधीकधी नव्या मशीनपेक्षा महाग पडते.

पावसाळ्यात कुठलं घालावं?

जुलैत मी मेकॅनिकल घालतच नाही. "वॉटर रेझिस्टंट ३० मीटर" याचा अर्थ तीस मीटर खोल बुडी असा नाही. हात धुतानाचे शिंतोडे सोसेल, एवढाच. मोटारसायकलवरून ताम्हिणी घाट उतरायचा असेल तर किमान १०० मीटरचं आणि रबरी किंवा स्टीलच्या पट्ट्याचं असावं. चामडी पट्टा कोकणात दोन आठवड्यांत पांढरा होतो. काचेच्या आत धुकं दिसलं तर तांदळाच्या डब्यात ठेवून वाट बघू नका, त्याच दिवशी उघडून घ्या. गंज लागायला एक रात्र पुरते.

सोलर घड्याळ कसं?

उत्तम. सेलचंच घड्याळ, फक्त प्रकाशावर भरणारं. सिटिझनची इको-ड्राइव्ह अंधारातही महिनोन्महिने चालतात. ज्यांना घड्याळाचा विचारच करायचा नाही, त्यांच्यासाठी याहून चांगलं काही नाही. आई-वडिलांना द्यायला तर फारच छान: सेल संपला म्हणून दुकान शोधत फिरणं नाही आणि सांध्यांनी धरलेल्या बोटांनी चावी फिरवणं नाही.

वडिलांचं चावीचं घड्याळ सापडलंय. दुरुस्त करण्यात अर्थ आहे का?

बाजारभावाने बघाल तर बहुधा नाही. तरी करा. फक्त घड्याळजीला आधी तीन गोष्टी सांगा: केस पॉलिश करायची नाही, तबकडी रंगवायची नाही, बदललेला प्रत्येक भाग परत द्यायचा. आणि तो भेटण्याआधी चावी पिळून बघू नका, वाळलेल्या तेलावर चाकं फिरतात.

माझ्या वडिलांचं घड्याळ मी असंच चालू करून घेतलं. घड्याळजी म्हणाला, मिनिटभर मागे पडतंय, नीट लावून देऊ का? मी म्हटलं, राहू द्या.